तासाचा दर आणि हमीचे तास

सोलापूर,
रविवार

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कंपनीनं वैमानिकांपुढे ठेवलेला, तू पाठवलेला नवा करार वाचला. आधी मोबाइलवर वाचला, मग अशोक चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला, कारण पेन्सिलीने खाली रेघ मारल्याशिवाय मला आकडा दिसत नाही. फोनवर तू फार खुशीत होतीस. कंपनीत नवी विमानं येणार, प्रशिक्षणाच्या पहिल्या यादीत तुझं नाव, तासाचा दर वाढलाय, आणि पंधरा दिवसांत सही करून पाठवायची आहे. खुशीत असावंच. पण सही अजून करू नकोस. हे फोनवर बोललो असतो तर तू मध्येच म्हणाली असतीस, ‘बाबा, तुम्हाला विमानातलं काय कळतं?’ म्हणून लिहितोय.

विमानातलं मला कळत नाही हे खरंच. मजुरीच्या कागदातलं कळतं. सारी नोकरी चादरीच्या कारखान्यात दिवाणजी म्हणून गेली. हप्त्याची, म्हणजे आठवड्याच्या मजुरीची, वही माझ्याकडे असायची, आणि मालकांनी नवा माग आणला की त्यासोबतचं नवं दरपत्रक माझ्याच हातचं असायचं. नवं यंत्र आणि नवा करार नेहमी जोडीनं येतात, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिलंय. आणि नवं यंत्र येऊच नये असं म्हणणाऱ्यांतलाही मी नाही. आपल्या गावात जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, एकामागून एक बंद झाल्या, त्याच्या कारणांत जुनी यंत्रं शेवटपर्यंत ओढत राहणं हेही एक होतं. तुमच्यातही तेच. ए-३२० निओसारखं विमान जुन्यापेक्षा पंधरा-वीस टक्के कमी इंधन खातं म्हणतात. कंपनीनं ते घेतलंच पाहिजे.

प्रश्न वेगळा आहे. विणकराला मजुरी नगावर. बीम, म्हणजे ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ, संपली की माग थांबतो. मग नव्या बीमचा एकेक धागा जुन्या धाग्याला गाठ मारून जोडायचा, हजारो गाठी. जोडणारा खाली वाकून बोटं चालवतो, आणि विणकर बाजूला पायरीवर चहा पीत बसलेला. चहा पितो म्हणून तो आरामात असतो असं कुणाला वाटेल. त्याच्या डोक्यात हिशोब चाललेला असतो, की आजचे किती नग गेले. वीज गेली, सूत आलं नाही, नक्षी काढणाऱ्या जेकार्डची पत्ती तुटली, सगळं त्याच्याच नावावर. दरपत्रकात नगाचा दर ठळक लिहिलेला असायचा. माग थांबला तर काय, हे कुठेच लिहिलेलं नसायचं.

तुझ्या करारात ते लिहिलंय, पण नवव्या पानावर. तासाचा दर पहिल्या पानावर, आणि हमीचे तास ७० वरून ४० केल्याचं नवव्या पानावर. अशी पानं लावणारा माझाच कुणी जातभाई असणार.

आता हिशोब बघ. खरे दर सोड, सोपे धरू. समजा जुना दर तासाला १०० रुपये आणि नवा १२०. जुन्या करारात महिन्याला ७० तासांची हमी, म्हणजे विमान उडो न उडो, ७,००० रुपये घरात. नव्यात हमी ४० तासांची, म्हणजे ४,८०० रुपये. तू महिन्याला ६० तास उडालीस तर नव्यात ७,२०० मिळतील, जुन्यापेक्षा दोनशे जास्त. ७० उडालीस तर ८,४००. इथं सगळे खूश. पण ४५ तासच मिळाले, तर जुन्यात ७,००० आणि नव्यात ५,४००. साधारण ५८ तासांच्या वर गेलीस तर फायदा, खाली राहिलीस तर तोटा. आणि किती तास उडायचं हे तू ठरवत नाहीस, रोस्टर, म्हणजे कंपनीचं ड्यूटीचं वेळापत्रक, ठरवतं.

हे मी एकट्यानं डोक्यातून काढलेलं नाही. एअर इंडियाने १४ फेब्रुवारी २०२३ ला एकदम ४७० विमानांची खरेदी जाहीर केली, जगभर गाजावाजा झाला. दोन महिने गेले नि १७ एप्रिलला वैमानिकांच्या हातात नवी वेतनरचना पडली. हमीचे तास ७० चे ४०. शिवाय ठरावीक वर्षं कॅप्टन राहिलेल्यांना व्यवस्थापनात धरायचं. म्हणजे संघटनेतले जुने जाणते अलगद बाहेर! आयसीपीए आणि इंडियन पायलट्स गिल्ड या दोन्ही संघटनांनी ते नाकारलं, आणि दीड हजाराहून जास्त वैमानिकांनी थेट रतन टाटांना अर्ज केला. पुढच्या वर्षी ‘विस्तारा’ या टाटांच्याच दुसऱ्या विमानकंपनीचं एअर इंडियात विलीनीकरण जवळ आलं तेव्हा पुन्हा तोच ४० तासांचा कागद. वैमानिक कामावर येईनासे झाले आणि एप्रिल २०२४ मध्ये कंपनीला रोजची पंचवीस-तीस उड्डाणं कमी करावी लागली. ४० हा आकडा तुझ्या कंपनीला स्वप्नात दिसलेला नाही.

‘पण बाबा, नवी विमानं आली की तास वाढणारच,’ असं तू म्हणशील. आली तर वाढतील. बोइंग आणि एअरबस दोघांचीही विमानं वेळेवर मिळत नाहीत, हे तूच मला गेल्या दिवाळीत सांगितलं होतंस. वैमानिकांची भरती मात्र आधी करावी लागते, कारण माणूस तयार व्हायला वेळ लागतो. म्हणजे मधल्या काळात माणसं जास्त, विमानं कमी, आणि तेच तास सगळ्यांत वाटायचे. ताफा बदलण्याच्या काळातच हमी सगळ्यात जास्त लागते, आणि नेमकी तेव्हाच ती कमी करतात.

शिवाय आलेलं विमान उडेलच असंही नाही. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांमुळे गो फर्स्टची जवळजवळ निम्मी विमानं जमिनीवर बसली, आणि मे २०२३ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. प्रॅटच्याच इंजिनांतल्या धातूच्या भुकटीत दोष निघाला, तेव्हा इंडिगोसारख्या धडधाकट कंपनीचीही सत्तरच्या वर विमानं उभी राहिली. ती काही भंगारातली नव्हती, नवीकोरी होती.

तुझ्या बाबतीत आणखी एक गोम आहे, ती करारात मला सापडली नाही. नव्या विमानाचं प्रशिक्षण म्हणजे आधी वर्ग, मग सिम्युलेटर, मग प्रशिक्षक कॅप्टनबरोबरची उड्डाणं. त्यातले कितीतरी आठवडे तू लाइनवर, म्हणजे प्रवाशांच्या नेहमीच्या उड्डाणांवर, उडणारच नाहीस. त्या महिन्यांचा पगार कशावर? ४० तासांवर, की मागच्या महिन्यांच्या सरासरीवर? तू ज्याला बढती समजतेस त्या काळात घरी येणारा पैसा कमी व्हायचा. त्यावर बॉंड. प्रशिक्षणाचा खर्च कंपनी करणार आणि तू इतकी वर्षं बांधलेली. बॉंडची रक्कम दर वर्षी उतरत जाते का, की शेवटच्या महिन्यातही पूर्ण भरायची? कंपनीनंच तुला त्या ताफ्यातून काढलं तर काय? नोकरी सोडायची तर सरकारी नियमाने को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला वर्षभराची नोटीस आहेच. बॉंड त्याच्यावरचा.

तुझ्या आईला यातलं काही नको आहे. ती फक्त विचारते, ‘नव्या विमानात तरी पोरीला झोप मिळेल का?’ हसू नकोस, बाईनं नेमकं विचारलंय. डीजीसीएच्या, म्हणजे विमानवाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, नव्या नियमांनी आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ झाली, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आली. नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेले, शेवटचा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला. तयारीला दीड वर्षाहून जास्त वेळ होता. तरी डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, लोक विमानतळावर बॅगांवर झोपले, आणि शेवटी रात्रीच्या नियमांतून कंपनीलाच १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली. लोकांनी शिव्या मात्र काउंटरवरच्या पोरांना घातल्या. तुझ्या करारात ‘नियमानुसार विश्रांती’ एवढंच लिहिलंय. नियमात सूट मिळाली तर तुझ्या विश्रांतीलाही सूट, असा त्याचा अर्थ होतो. आकडा लिहून घे.

कामाचे तास आणि पगाराचे तास यांचंही तेच. आपल्या होटगी रोडच्या विमानतळावरून आता गोव्याचं एटीआर, ते छोटं पंख्याचं विमान, उडतं. (विमानाच्या वाटेतली साखर कारखान्याची चिमणी पाडायच्या वेळी गावात केवढी भांडणं झाली होती, आठवतंय ना? आता तीच माणसं गच्चीवरून नातवंडांना विमान दाखवतात.) तासाभराची फेरी. त्यातल्या वैमानिकाची पहाटेपासून दुपारपर्यंत ड्यूटी झाली तरी पगाराचे तास किती भरत असतील? चाक हललं की घड्याळ सुरू, चाक थांबलं की बंद. मधलं थांबणं, स्टँडबाय, प्रवासी म्हणून दुसऱ्या गावी जाणं, यांचा भाव तुझ्या कागदात तेराव्या पानावर आहे आणि तो वाचून मला राग आला.

आता तुझ्या बॅचचं. व्हॉट्सॲपवर तुम्ही पोरं म्हणता, की सीनियर कॅप्टन लोक आपलं जपतात म्हणून खोडा घालतात, आपल्याला नवी विमानं आणि लवकर कमांड, म्हणजे कॅप्टनपद, हवी. दोन्ही खरं असेल. पण हे भांडण आपसात लढू नका. २०१२ मध्ये एअर इंडियाच्या वैमानिकांनी ५८ दिवस संप केला. कारण काय, तर नव्या ड्रीमलायनरचं प्रशिक्षण पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना का द्यायचं! दोन्ही कंपन्यांचं विलीनीकरण होऊन पाच वर्षं झाली होती, तरी मनं वेगळीच. शंभरच्या आसपास जणांना काढलं, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि हाती काही न लागता परत कामावर जावं लागलं. नवं विमान कुणाला आधी, याची यादी ज्येष्ठतेनं लागणार की निवडीनं, हे दोन्ही पिढ्यांनी बसून आधीच ठरवा आणि करारात घाला. जे जुन्या विमानांवर मागे राहतील त्यांचे तास आटत जाणार, त्यांची हमी तुम्ही मागा. उद्या तुमच्या कमांडच्या वेळी ते तुमच्यामागे उभे राहतील.

सगळ्यांनी एकाच दिवशी आजारपणाची रजा टाकायची टूम मात्र काढू नका. शेवटचा उपाय म्हणून सुद्धा मला ती पटत नाही. संप करायचा तर नाव लिहून, नोटीस देऊन करावा.

तेव्हा उद्या एचआरला मेल कर. भाषा नम्र, पण उत्तर लेखीच माग. प्रशिक्षणातला पगार, बॉंडची उतरती रक्कम, विश्रांतीचे आकडे, आणि विमान उशिरा आलं तर हमी किती. ७० नाही तर निदान ५५ पर्यंत तरी यायला हवेत. त्याच्याखाली दर कितीही दाखवला तरी मान हलवू नकोस. पंधरा दिवसांची मुदत ही त्यांची सोय आहे, मुदतवाढ मागणाऱ्याला कुणी काढत नाही.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी कुरियरने पाठवलीय, हॉटेलात एकटी खात बसू नकोस, बरोबरच्यांना दे. आणि संघटनेची यंदाची वर्गणी भरलीस का, ते कळव. गेल्या वर्षी राहिली होती म्हणालीस.

तुझे
बाबा