भोजन भत्ता दरमहा द्या

महोदय,

पुण्यात मी विद्यार्थ्यांना डबे देते. महिना संपत आला की नांदेड-बीडकडची मुलं दोघांत एकच डबा लावतात. पोळ्या दोन-दोन, आमटी मात्र वाटीभरच. रात्री अभ्यास करणाऱ्या वयात एवढ्यावर कसं भागणार? सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत पुण्यासाठी प्रत्येकी वर्षाला ६०,००० रुपये आहेत, त्यांतले ३२,००० जेवणाचे. पण ते दरमहा मिळत नाहीत, आणि भूक तर रोजची. मी उधारीवर डबा देते, तरी किराणा मलाही रोखीनेच भरावा लागतो. जेवणाचा भत्ता दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत खात्यात जमा व्हावा. शिवाय सरकारी महाविद्यालयांच्या आवारातच १० रुपयांच्या शिवभोजन थाळीचं केंद्र सुरू करावं.

– एक खानावळचालक, पुणे