सूचना: गट-प्रोजेक्टच्या कोडबद्दल

सर्व सदस्यांसाठी,

थेट 'मेन' ब्रांचवर (कोडच्या मुख्य प्रतीवर) कोड पुश करू नये, म्हणजे चढवू नये. प्रत्येक कामाला वेगळी ब्रांच काढा, पुल रिक्वेस्ट (बदल मेनमध्ये घेण्याची विनंती) टाका आणि दुसऱ्या कोणीतरी वाचल्यावरच मर्ज करा, म्हणजे मेनमध्ये मिसळा. रिक्वेस्ट छोटी ठेवा. हजार ओळींचा गठ्ठा कोणी वाचत नाही, 'छान आहे' म्हणून मोकळे होतात.

मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट आला (एकाच जागी दोघांचे वेगळे बदल), तर गिटने फाइलमध्ये टाकलेल्या खुणांमधला वरचा भाग तुमच्या ब्रांचचा आणि खालचा येणाऱ्या ब्रांचचा असतो. (रीबेस करताना, म्हणजे आपले बदल दुसऱ्या ब्रांचच्या टोकावर पुन्हा लावताना, हे नेमकं उलटं होतं, तिथेच घोळ होतो.) दुसऱ्याच्या ओळी उडवण्याआधी त्याला विचारा. सामायिक ब्रांचवर फोर्स पुश (तिथला इतिहास जबरदस्तीने बदलणारा पुश) तर अजिबात नको. इतरांचे कमिट (नोंदवलेले बदल) त्यात गायब होतात.

कमिट संदेशात 'फिक्स', 'फायनल', 'फायनल २' चालणार नाही. 'लॉगिनला रिकामा पासवर्ड चालत होता, तो अडवला' असं स्पष्ट लिहा.

रिव्ह्यूमध्ये शेरा कोडवर असावा, माणसावर नको. अडकलात तर त्याच दिवशी ग्रुपवर सांगा. सबमिशनच्या आदल्या रात्री कळलं, तर काम वाटून घ्यायलाही वेळ उरत नाही.

आणि हो, एपीआय की (बाहेरची सेवा वापरायची गुप्त किल्ली) रेपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, टाकू नका. चुकून गेलीच तर फाइल डिलीट करून भागत नाही, ती इतिहासात राहते. की लगेच रद्द करून नवी घ्या.