जोडीदाराचा व्हिसा : आधी नावे जुळवा

मा. संपादक,

ब्रिटनमध्ये जोडीदाराकडे राहायला जाण्यासाठी व्हिसा मागताना मराठवाड्यातील मुली इंग्रजीची धास्ती घेतात. ती परीक्षा ए-१ म्हणजे सर्वांत प्राथमिक पातळीची, फक्त बोलण्या-ऐकण्याची असते. खरी अडचण नावाची. ग्रामपंचायतीच्या विवाह प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, पासपोर्टवर तिसरेच स्पेलिंग. तिन्ही एकाच व्यक्तीची हे अधिकाऱ्याने कसे ओळखावे? लग्नानंतर पासपोर्टवरचे नाव बदलणे सक्तीचे नाही. बदलायचेच तर व्हिसाच्या अर्जाआधी सगळीकडे बदला. प्रमाणपत्र मराठीत असेल तर पूर्ण इंग्रजी अनुवाद हवा. त्यावर अनुवादकाचे नाव, सही, तारीख, संपर्क आणि अचूकतेची हमी लागते.

ब्रिटनमधील जोडीदाराच्या उत्पन्नाची अट एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंड आहे. सासऱ्यांचा सातबारा त्यात धरत नाहीत! नोकरी सहा महिने एकाच ठिकाणी असेल तर तेवढ्या काळाच्या पगारपावत्या आणि बँक स्टेटमेंट जोडावे. पावतीवरची रक्कम खात्यात तशीच दिसायला हवी. क्षयरोग तपासणी ब्रिटनने मान्यता दिलेल्या केंद्रातच करावी, गावच्या दवाखान्याचा दाखला चालत नाही.

जिल्हा परिषदांनी विवाह प्रमाणपत्र इंग्रजीतही, पासपोर्टवरील स्पेलिंगनुसार देण्याच्या सूचना ग्रामपंचायतींना द्याव्यात.

— एक वाचक, परभणी