कासवी परत येत नाही

वाळपई, गोवा
१२ जुलै

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पाकीट पोचलं. मुलांसाठी लिहिलेल्या तुझ्या प्राण्यांच्या गोष्टी दोनदा वाचल्या, चित्रं टेबलावर पसरून पाहिली आणि मग सगळं शाळेत नेऊन तिसरी-चौथीच्या मुलांच्या हाती दिलं. ‘कसं वाटलं ते दोन ओळींत कळव’ असं तू लिहिलं आहेस. ते दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून हे लांबलचक पत्र. चहा घेऊन बस.

तू इथलेच प्राणी घेतलेस याचा मला फार आनंद झाला. आमच्या वाचनपेटीत प्राण्यांची पुस्तकं पुष्कळ आहेत. पेंग्विन, ध्रुवीय अस्वल, जिराफ, कांगारू, आणि सिंहाचं तर विचारूच नकोस. पेंग्विनवर माझा राग नाही, लांबच्या जगाची ओढ मुलांना असायलाच हवी. पण आमच्या सत्तरी तालुक्यातल्या पोराला संध्याकाळी कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, कडेला गवा दिसतो. तो आपल्या राज्याचा प्राणी. वडा-उंबराला फळं आली की धनेश पंखांचा आवाज करत येतात. कधी रस्त्यात खवलेमांजर अंगाचा गोळा करून बसलेलं सापडतं. यातलं काही म्हणजे काही त्यानं छापलेलं पाहिलेलं नसतं. तिसरीतल्या एका मुलीला मी जंगलातला कुठलाही प्राणी काढ म्हटलं, तर तिनं सिंह काढला, आयाळीसकट. तिच्या घरामागून म्हादई अभयारण्याची हद्द सुरू होते. पुस्तकात येतात ते खरे प्राणी, आणि आपल्या परसात येतात ते असेच कोणीतरी, असं मुलांच्या मनात बसून जातं. हे मला सलतं, आणि म्हणून तुझ्या पुस्तकांची मी इतकी वाट बघतोय.

आता कासवाच्या गोष्टीकडे येतो, कारण माझं खरं भांडण तिथे आहे. तुझी कासवी मोरजीच्या वाळूत अंडी घालते, लाटांपलीकडे थांबून दिवस मोजते आणि पिल्लं पाण्यात उतरली की त्यांना पाठीवर घेऊन खोल समुद्रात जाते. चित्रं देखणी आहेत. शेवटच्या पानावरचा चंद्र तर मी कितीतरी वेळ बघत होतो. पण विनू, असं होत नाही. कासवी नुसत्या नजरेनं पिल्लं पोसते हे आपण दोघांनी लहानपणी कीर्तनात ऐकलंय, आणि त्या दृष्टान्ताला माझ्या मनात फार वरची जागा आहे. पण तो देवाच्या मायेचा दृष्टान्त. तू लिहितोयस ते मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबागच्या किनाऱ्यांवर येणाऱ्या ऑलिव्ह रिडलेवर, एका खऱ्याखुऱ्या जिवावर.

तो जीव काय करतो बघ. मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर चढून येते. मागच्या दोन वल्ह्यांनी, एकदा डावं एकदा उजवं, असं करत हातभर खोल खड्डा काढते. खड्डा तिच्या पाठीमागे, म्हणजे तिला तो दिसतसुद्धा नाही. त्यात पिंगपाँगच्या चेंडूएवढी शंभराच्या आसपास अंडी घालते. मग वाळू लोटते आणि अंग डावीकडे-उजवीकडे आपटून ती धपाधप दाबून बसवते. हा भाग मी वर्गात करून दाखवला तेव्हा सगळी मुलं बाकांवर आपटायला लागली, शेजारच्या वर्गातून बाई बघायला आल्या. नंतर ती समुद्रात जाते आणि परत येत नाही. पिल्लांशी तिचा संबंध तिथेच संपला. पुढचे दीड-दोन महिने अंड्यांना फक्त वाळूची ऊब. ती ऊब जास्त असली तर माद्या जास्त निघतात, कमी असली तर नर. मग एका रात्री पिल्लं सगळी मिळून वाळू ढकलत वर येतात आणि जिकडे उजेड जास्त तिकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राच्या अंगाला असतो. किनाऱ्यावरच्या शॅकचे, म्हणजे तिथल्या खानावळींचे, दिवे लागलेले असले तर पिल्लं दिव्यांकडे जातात.

एवढं सांगून मी थांबलो. आधी वर्ग गप्प झाला. मग प्रश्न सुरू झाले. त्यांना पोहायला कोण शिकवतं? एकटं पिल्लू भिणार नाही? मोठं झाल्यावर समोर आई आली तर ओळखेल? आणि मागच्या बाकावरून, ‘सर, शॅकवाल्यांक कोणें सांगलें ना?’ तुझी गोष्ट वाचून झाल्यावर ‘छान आहे’ म्हणाले होते, आणि वही बंद केली होती. हे प्रश्न दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीतही संपले नव्हते. आई नसलेली ही गोष्ट मुलांना सोसते. आपण मोठी माणसंच तिला घाबरतो.

आणि तिथेच आणखी एक सांगतो. ही अंडी पूर्वी आपल्याकडे खाल्ली जायची, बाजारात विकली जायची. ते लपवू नकोस. १९९० च्या दशकाच्या शेवटाकडे मोरजीत वन खात्याबरोबर गावातलीच माणसं रात्रीची राखणीला बसायला लागली, आज घरट्याभोवती कुंपण घालतात. अंडी खाणारं गाव आणि राखणारं गाव एकच, हे मुलांना कळू दे. माणसं बदलतात हे त्यांना आपण आणखी कुठून दाखवणार?

त्या पुस्तकाच्या शेवटी चंद्राऐवजी अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू खऱ्या मापात काढ. त्याची पाठ जेमतेम चार सेंटिमीटर भरते. पान भरून कोरा पांढरा कागद आणि मध्ये तेवढंच पिल्लू. मुलं त्याच्यावर तळहात ठेवून बघतील, याची खात्री मी देतो.

धनेशाबद्दल थोडक्यात. तुझ्या धनेशाला टुकानची चोच आली आहे, लाल-हिरवी-केशरी. टुकान दक्षिण अमेरिकेतला. आपल्या मलबारी धनेशाची चोच पिवळट, वर शिंगासारखा उंचवटा आणि त्यावर काळा डाग, अंग काळं, पोट पांढरंशुभ्र. चौथीतल्या एका मुलानं चित्र बघताक्षणी ‘हो न्हय’, म्हणजे हा तो नव्हेच, असं म्हटलं आणि पान उलटलं. मादी स्वतःला झाडाच्या ढोलीत कोंडून घेते, तोंड लिंपून फक्त एक फट ठेवते आणि नर त्या फटीतून तिला फळं भरवतो, हे तू छान लिहिलं आहेस. त्यातलं अक्षर बदलू नकोस. चोच तेवढी बदल.

बेडकाची गोष्ट मात्र मला मुळीच पटली नाही. बेडूक सभा भरवतो, अध्यक्ष होतो, प्रदूषण टाळा, झाडे लावा म्हणून भाषण करतो, सगळे प्राणी टाळ्या वाजवतात. अरे, हे भाषण मुलं पर्यावरण दिनाला ऐकतात, भिंतीवरच्या घोषणांत वाचतात, निबंधात उतरवतात. त्यात बेडूक कुठे आहे? आत्ता हे लिहितोय तर बाहेर शेतात नुसता कल्लोळ चाललाय. पावसाळ्याच्या सुरुवातीला मोठा पाऊस झाला की मोठ्या बेडकांचे नर पिवळेधमक होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. एरवी चिखलाच्या रंगाचा प्राणी तेवढ्या दिवसांत असा नटतो की ओळखू येत नाही. यावर एक अख्खं पुस्तक होईल. एका पानावर नुसता तो निळा रंग असला तरी चालेल.

पण बेडकाची खरी गोष्ट वेगळी आहे. मी हे वर्गात सांगत होतो तेव्हा एक मुलगा उठून म्हणाला, ‘सर, म्हजो काका राती बॅटरी घेवन वता तांकां धरपाक.’ वर्ग हसला, तो बिचारा गोरामोरा झाला. तुला माहीतच आहे, ‘जंपिंग चिकन’ या नावानं बेडकाचं मांस कसं खपतं ते. कायद्यानं गुन्हा आहे, तरी चालतं. बॅटरीचा झोत डोळ्यांवर पडला की बेडूक जागच्या जागी थिजतो आणि पोत्यात जातो. ज्यांना धरतात ते त्याच रात्री जोडीदारणीला साद घालत असतात, म्हणजे पुढची पिढीही त्यांच्याबरोबर जाते. आणि हेच बेडूक शेतातले किडे आणि लहान कुर्ल्या खातात.

आता मला सांग, या मुलासाठी तू कसलं पुस्तक लिहिशील? काकाला राक्षस केलास तर तो पुस्तक मिटेल, कारण काका त्याला खांद्यावर घेऊन जत्रेला नेतो. काकाला वगळलंस तर ते पुस्तक त्याचं नाही. मला वाटतं तू तीच रात्र लिहावीस. पाऊस थांबलाय, काका पुढे, मुलगा मागे, आणि या खेपेला बॅटरी मुलाच्या हातात आहे. पुढे तो काय करतो ते लिहूच नकोस. आमच्या वर्गात त्यावर दोन दिवस भांडण होईल, आणि ते व्हायलाच हवं.

वाघावर लिहू की नको, फार जड होईल का, असं तू विचारलं आहेस. लिही. २०२० च्या जानेवारीत इथेच गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बछडे विषानं मेले. तेव्हाची लहान मुलं आता हायस्कुलात आहेत, पण त्यांच्या धाकट्या भावंडांनाही ती हकीकत पाठ आहे. २०२३ च्या जुलैत उच्च न्यायालयानं व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हणून आदेश दिला, पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. घरात मोठी माणसं ‘आपलं गाव उठवणार का’ असं बोलतात आणि मुलं ऐकतात. अशा मुलापुढे ‘वाघ वाचवा’ एवढंच छापलेलं पुस्तक ठेवायला माझा हात धजत नाही. ज्याची गाय वाघानं नेली त्याचा गोठा तुझ्या चित्रात असू दे. शेजारी रानात वाघ्रोदेवाचा दगडही असू दे, ज्याला त्याच घरातले लोक नारळ ठेवतात. भय आणि भक्ती इथे एकाच उंबऱ्यात राहतात, ती मुलांनी रोज पाहिलेली आहेत. तुला फक्त ती खरी काढायची आहेत.

आणि आता माझा हट्ट. पुढचं पुस्तक मगरीचं कर. दुर्भाटला माझी मावशी असते, तिच्याकडे पौष अमावास्येला माणगें थापणी असते. शेतकरी खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीच्या, बांधाजवळ चिखलाची मगर करतात, चांगली लांबलचक, अंगावर शिंपल्यांचे खवले, आणि तिची पूजा करून बांध सांभाळ म्हणून सांगतात. खऱ्या मगरी जवळच कुंभारजुव्याच्या खाडीत आहेत. मगर ही गोड्या पाण्यातली, पण मांडवी आणि जुवारी जोडणाऱ्या त्या खाऱ्या खाडीत तिनं बस्तान बसवलंय. ज्याच्या दातांची भीती त्याच्याच हाती शेत सोपवायचं, यापेक्षा मोठी गोष्ट तुला कुठे मिळणार?

त्यातच मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, येऊ दे. भरती आली की नदीच्या पाण्याच्या रेट्यानं त्याची दारं आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्यानं उघडतात, आणि शेतात साठलेलं पाणी नदीत जातं. कोणी उघडायला जात नाही, कोणी लावायला जात नाही. हे दार पुस्तकात खरंच उघडमीट होणारं कर, कागदाची एक झडप लाव. बांधाला कुर्ल्यांनी पाडलेली भोकं, खारं पाणी सोसणारं कोरगूट भात, तिवराच्या चिखलातून वर आलेल्या मुळ्या, सगळं त्या एका चौकटीत बसतं. इथे यायचं झालं तर मावशीकडे उतरू, ती तुला चिखलात उतरवल्याशिवाय सोडणार नाही.

छपाईचं थोडं. गुळगुळीत आर्ट पेपर नको. इथल्या पावसात त्याची पानं एकमेकांना चिकटतात, उघडताना चित्र सोलून निघतं. जाडसर साधा कागद आणि शिवलेली बांधणी टिकते. अक्षर मोठं ठेव. घरी कोकणी बोलणारी ही मुलं मराठी वाचताना बोट ठेवून वाचतात, ओळीखाली बोटाला जागा लागते. शेवटी बोध, स्वाध्याय, रिकाम्या जागा भरा, यातलं काही घालू नकोस. ते आमच्याकडे भरपूर आहे. किंमत अशी ठेव की एका शाळेला एकाच पुस्तकाच्या पाच-सहा प्रती घेता येतील. एक प्रत असली की ती कपाटात जाते.

कासवाचा नवा खर्डा झाला की आधी मला पाठव, वर्गात वाचून दाखवतो आणि मुलं काय म्हणतात ते जसंच्या तसं लिहून कळवतो. बेडकाची चित्रं करायच्या आधी, जमलं तर याच महिन्यात दोन दिवस ये. नंतर तो पिवळा रंग बघायला मिळणार नाही. गणेशचवथीला तर घरी येशीलच, तेव्हा दुर्भाटचं ठरवू. वहिनींना नमस्कार, चिंगीला खूप आशीर्वाद. तिला म्हणावं, दत्ताकाकाच्या शाळेत तिनं काढलेलं शेकरू भिंतीवर लावलंय.

तुझा,
दत्ता