बॉनेटची कड आणि दसऱ्याची घाई

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसरा तोंडावर आलाय आणि जिकडं बघावं तिकडं गाड्या चमकवायची घाई चालू झालीय, म्हणून हे पत्र लिहितोय. जमलं तर दसऱ्याच्या आधी छापा, नंतर छापून उपयोग नाही.

माझी लाल रंगाची जुनी गाडी आहे. मागच्या महिन्यात एका ठिकाणी (नाव नाही घेत, पोरं गरिबाची आहेत) रबिंग-पॉलिश करायला दिली. छत, दरवाजे, बॉनेटचा मधला भाग एकदम आरशासारखा, मीच खूश झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात बघतो तर बॉनेटची पुढची कड, ग्रिलच्या वर आणि हेडलाइटच्या शेजारी जी चिंचोळी पट्टी असते ना, तिथं बोटभर लांब करडी रेघ. रंग गेलेला, खालचं प्रायमर दिसतंय. परत गेलो तर "काका ते आधीच होतं की ओ." काय बोलणार. पेंटर म्हणाला तेवढीच रेघ मारली तर ठिगळासारखी दिसंल, पूर्ण बॉनेटच मारावं लागंल. आणि जुन्या लाल रंगाला नवा लाल जुळवणं म्हणजे वेगळाच ताप.

मग मी जरा खोलात गेलो. कंपनीचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, त्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट ४०-५० च्या आसपास, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. आणि कडेला तर तेवढाही नसतो, कारण ओला रंग धारेवरून ओढला जाऊन बाजूला सरकतो आणि वाळल्यावर तिथं सगळ्यात पातळ थर उरतो. त्यात पाच-सहा इंची पॅडचं मशीन सपाट भागावर सगळा दाब पसरून टाकतं पण कडेवर आलं की तोच सगळा दाब त्या एका रेघेवर. मशीन एका जागी गोल फिरणारं असलं तर दोन सेकंदात खेळ खलास. फिरणारं पॅड कडेवरून बाहेरच्या बाजूला सुटलं पाहिजे, उलटं आत घुसलं की कड धरतं आणि सोलून काढतं. हे त्या पोरांना कोणी शिकवलेलंच नसतं, त्यांचा तरी काय दोष.

बंपरचं आणखी वेगळं. तो प्लॅस्टिकचा, पत्र्यासारखी उष्णता पसरत नाही, सगळी तिथंच साठते. बरं, रंगाची जाडी मोजायचं जे साधं मीटर मिळतं ते पत्र्यावरच चालतं, प्लॅस्टिकवर नाही. म्हणजे बंपरवर किती रंग उरलाय ते त्या मीटरने कळतच नाही, तिथं हात आखडताच ठेवायचा.

आता लहान पॅडची मशीनंपण निघालीत, एक-दोन इंचाची. चांगली आहेत, पण लहान पॅड त्याच त्याच जागेवरून फिरतं आणि लवकर तापतं, त्यामुळं दोन-चार फेऱ्या झाल्या की थांबून हाताच्या पाठीने रंग किती तापलाय बघायला पाहिजे. आणि आपल्या इथलं ऊन! उन्हात कंपाउंड (रंग घासायची पेस्ट) लावलं की लगेच वाळून पावडर होते, मग ते घासणं म्हणजे पॉलिश नाही, ओरखडे. सकाळी लवकर नाहीतर सावलीतच करायचं काम आहे हे.

मी आता हँडलच्या मागची वाटी, आरशाचं बूड, नंबरप्लेटच्या भोवती, अशा जागा हातानेच करतो. हँडलच्या वाटीत नखं, बांगड्या, अंगठ्या यांच्या रेघा असतात. तर्जनीवर मायक्रोफायबर गुंडाळायचं, वाटाण्याएवढं पॉलिश, बेताचा दाब. नख फिरवल्यावर अडकलं म्हणजे रेघ खोल आहे, तिचा नाद सोडायचा. ग्रिलच्या फटीत कुल्फीच्या काडीला कापड गुंडाळून जातं. बायकोच्या पावडरचा जुना स्पंज पण वापरला, त्यावरनं घरात काय झालं ते सोडा. शेजारचा पोरगा विचारतो "काका काय करालाव, दात घासालाव का गाडीचे?" घासतोय म्हणलं. लोगोच्या अक्षरांत अडकलेलं पांढरं कंपाउंड खरंच मऊ ब्रश आणि शॅम्पूच्या पाण्यानंच निघतं. काळ्या रबरावर आणि प्लॅस्टिकवर पांढरे डाग पडू द्यायचे नसतील तर आधी मास्किंग टेप लावायची, दहा मिनिटांचं काम, पण वॉशिंग सेंटरवर विचारलं की तोंड वाकडं करतात.

एक आणखी. आपला सोलापुरी टॉवेल अंग पुसायला एक नंबर, पण तोच जुना झाला की गाडीला येतो हे बंद करा. बोअरच्या पाण्याने कडक झालेला असतो, त्याच्या गाठींत धूळ अडकते आणि रंगावर बारीक ओरखड्यांची कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी तयार होते. नळाला पाणी चार-पाच दिवसाआड म्हणून गाडीला बोअरचं, ते आरशाच्या फटीतून तासभर ठिबकत राहतं आणि पांढरे ओघळ पडतात. फटी कोरड्या केल्या तर निम्मं पॉलिश करायचीच वेळ येत नाही.

माझं म्हणणं एवढंच, दसऱ्याला गाडी टाकताना त्या पोराला आधीच सांगा, कडा आणि फटी मशीनने नको, टेप लाव, उरलेलं हाताने कर. शंभर-दोनशे जास्त मागितले तर द्या.

माझ्या बॉनेटचं दिवाळीनंतर बघू. सध्या पूजेला त्या रेघेवर झेंडूचा हार जरा तिरका सोडायचं ठरलंय, फोटोत दिसणार नाही.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर