हत्तीच्या आंघोळीची हौस

संपादक महोदय,

परदेशी सहलींबरोबर व्यवस्थापक म्हणून जाणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. थायलंडला निघालेली मंडळी हल्ली आधीच बजावतात, "मॅडम, हत्तीवर बसायचं नाही हं, नुसती आंघोळ घालायची!" माहितीपत्रकांतूनही सवारी गेली आणि चिखलस्नान आलं. पाठीवरचा हौदा उतरला हे चांगलंच झालं. पण काही टनांचं जनावर येणाऱ्या प्रत्येक गटासाठी पाण्यात आडवं होतं, परक्यांना सोंडेशी लगट करू देतं, ते हौसेनं नव्हे. सवारीचा असो की आंघोळीचा, हत्ती माणसाळवण्याची जुनी रीत तीच: पिल्लाला आईपासून तोडायचं, जखडायचं, मारून-उपाशी ठेवून नमवायचं. तिकडे तिला 'फाजान' म्हणतात. पर्यटक सोंडेकडे बघतात, माहुताच्या हातातल्या अंकुशाकडे नाही.

एका छावणीच्या व्यवस्थापकाला मी विचारलं होतं, "हत्तीला आज पाण्यात उतरायचं नसेल तर?" तो हसला. प्रश्नच त्याला कळला नसावा.

जानेवारी 2025मध्ये को याओ याई बेटावर आंघोळ घालताना हत्तीच्या हल्ल्यात एक स्पॅनिश तरुणी दगावली. अशा वेळी 'हत्ती बिथरला' म्हटलं की सगळे मोकळे!

हे तळ सरसकट बंद करा, असं मात्र मी म्हणणार नाही. 1989मध्ये थायलंडनं जंगलतोडीवर बंदी घातली, तेव्हा ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत एकदमच बेकार झाले. पर्यटनानं त्यांना पोसलं. एका हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो; तो कोण देणार? म्हणून पैसे जरूर मोजावेत, पण लांबून पाहण्याचे. हत्ती मोकळे चरताहेत, माणसं कठड्याच्या अलीकडे, असे तळ तिथे आहेत. मी गट नेते तेव्हा "एवढ्या लांबून फोटो काय येणार?" अशी कुरकुर होतेच. वाघाच्या बछड्याला मांडीवर घेण्याची हौसही अशीच. 2016मध्ये थायलंडमधल्याच कांचनाबुरीच्या व्याघ्रमंदिरातून, म्हणजे पर्यटकांसाठी वाघ पाळणाऱ्या बौद्ध मठातून, 137 वाघ हलवले, तेव्हा शीतपेटीत 40 मेलेले बछडे सापडले होते.

सहल कंपन्यांना एवढीच विनंती, की 'हत्तीला हात लावता येणार नाही, दुर्बीण आणावी' हे माहितीपत्रकात ठळक छापा. तिथे पोहोचल्यावर ते सांगायचं आणि बोलणी खायची, हे दोन्ही माझ्याच वाट्याला येतं.

— एक सहल व्यवस्थापक