हलके फ्लायव्हील: फायदा कुठे आणि धोका कुठे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ट्रॅकवर चालवायच्या स्पोर्ट्स कारला हलके फ्लायव्हील (इंजिनाच्या मुख्य दांड्याला, म्हणजे क्रँकशाफ्टला, जोडलेली जड चकती) बसवण्याविषयी आपल्या वाहनविषयक पुरवणीत आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. असा तांत्रिक विषय मराठीत मांडला गेला, याचे समाधान आहे. परंतु त्यातील दोन विधाने दुरुस्त न होता राहिली तर वाचकांचे नुकसान होईल, आणि त्यांतल्या दुसऱ्यामुळे तर एखाद्याचा पायही जाऊ शकेल, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हलक्या फ्लायव्हीलमुळे इंजिनाची ताकद वाढते, असे पहिले विधान आहे. ताकद वाढत नाही. सिलिंडरमधील एकेका ज्वलनाच्या धक्क्यातून मिळालेली ऊर्जा साठवायची आणि दोन धक्क्यांच्या मधल्या काळात क्रँकशाफ्टचा वेग पडू द्यायचा नाही, हे फ्लायव्हीलचे काम. शिवाय क्लचला घर्षणाचा पृष्ठभाग आणि स्टार्टरला दात तेच पुरवते. आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) चढत असताना मात्र इंजिनाला गाडीबरोबर स्वतःच्या फ्लायव्हीललाही वेग द्यावा लागतो आणि त्यात गेलेला टॉर्क (फिरवण्याचा जोर) चाकांपर्यंत पोचत नाही. फ्लायव्हील हलके केले की हा वाटा घटतो, इतकेच. जड रोलरला वेग देऊन मोजणाऱ्या डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) आकडा थोडा वाढलेला दिसतो तोही याच कारणाने. तेच इंजिन एका आरपीएमवर स्थिर धरून मोजले तर आकडा पूर्वीचाच येईल.

हा वाटा किती मोठा आहे हे गिअरवर ठरते, आणि लेखात नेमके तेच सुटले आहे. फ्लायव्हीलच्या जडत्वाचा (वेग बदलायला होणाऱ्या विरोधाचा) परिणाम गाडीच्या वजनाच्या भाषेत मांडायचा असेल, तर जडत्वाला एकूण गिअर गुणोत्तराच्या (गिअरचे गुणोत्तर गुणिले गिअरबॉक्सनंतरचे शेवटचे गुणोत्तर) वर्गाने गुणून चाकाच्या त्रिज्येच्या वर्गाने भागावे लागते. उदाहरण म्हणून असे धरू की मूळ फ्लायव्हीलचे जडत्व 0.10 किलोग्रॅम-वर्गमीटर आहे, नव्याचे त्याच्या निम्मे आहे, चाकाची त्रिज्या 0.30 मीटर आणि शेवटचे गुणोत्तर 4.1 आहे. पहिल्या गिअरचे गुणोत्तर 3.6 असेल, तर त्या गिअरमध्ये गाडी सुमारे 121 किलोने हलकी झाल्यासारखी वेग घेईल. हा आकडा ऐकून कोणीही हरखून जाईल. पण तिसऱ्या गिअरमध्ये, गुणोत्तर 1.36 असताना, तोच लाभ 17 किलोवर येतो आणि चौथ्यात, गुणोत्तर 1.02 असताना, जेमतेम 10 किलो उरतो. पहिला गिअर ट्रॅकवर बहुतेक वेळा फक्त निघताना लागतो. बाकीची फेरी वरच्या गिअरमध्येच जाते. तिसऱ्या गिअरमधील हा लाभ टाकीत 23 लिटर पेट्रोल कमी घेऊन निघण्याइतका आहे. तो नगण्य नाही, पण त्याला ताकदवाढ म्हणणे योग्य नव्हे.

तरीही जाणकार चालक हलके फ्लायव्हील बसवतात आणि त्यांचा निर्णय योग्यच असतो, कारण त्यांना लाभ गिअर बदलण्याच्या क्षणी हवा असतो. वळणाआधी उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबून धरायचा, त्याच पायाच्या कडेने अॅक्सिलरेटरला झटका द्यायचा, आरपीएम खालच्या गिअरला जुळेल इतके चढवायचे आणि क्लच सोडायचा, ही सगळी क्रिया क्षणार्धात उरकायची असते. जड फ्लायव्हील असलेले इंजिन त्या झटक्याला उशिरा प्रतिसाद देते. हलके असेल तर सुई पायाबरोबर चढते, आणि अंदाज थोडा चुकला तरी मागच्या चाकांना बसणारा हिसका सौम्य राहतो, कारण क्लच जुळताना चाकांना कमी जडत्व ओढायचे असते. वरचा गिअर टाकतानाही आरपीएम चटकन उतरतात. हा गुण चालकाच्या हातापायांना जाणवतो, आणि माझ्या मते या बदलाचे खरे मोल तेच आहे. पोर्शने 1992 च्या 911 कॅरेरा आरएसला हलके, एकसंध फ्लायव्हील दिले ते याच चपळाईसाठी. लेक्सस एलएफएचे इंजिन तटस्थ स्थितीत (न्यूट्रलमध्ये) 0.6 सेकंदात 9,000 आरपीएम गाठते आणि मीटरची सुई तेवढ्या वेगाने फिरू शकत नाही म्हणून त्या गाडीत आरपीएम पडद्यावर दाखवावे लागले, असे कंपनीनेच सांगितले आहे.

खरेदी करताना फ्लायव्हील किती किलोने हलके आहे एवढेच विचारून भागत नाही. केंद्रापासून 14 सेंटीमीटरवरचा एक किलो 7 सेंटीमीटरवरच्या एका किलोच्या चौपट जडत्व देतो. त्यामुळे कडेचे धातू कमी केलेले फ्लायव्हील काट्यावर थोडे जड भरले तरी मध्यभाग पोखरलेल्या फ्लायव्हीलपेक्षा सरस ठरू शकते.

आता दुसरे विधान. कारखान्यातून आलेले बीडाचे (ओतीव लोखंडाचे) फ्लायव्हील लेथवर कातून हलके करून घ्यावे, असा सल्ला लेखात सहजपणे दिला आहे. ट्रॅकच्या गाडीसाठी हा सल्ला मी कोणालाही देणार नाही. बीड दाबाला भक्कम असते, ताणाला मात्र ठिसूळ. क्लचच्या उष्णतेने त्याच्या पृष्ठभागावर बारीक तडे पडतात आणि त्यांतलाच एखादा पुढे फाकत जातो. 28 सेंटीमीटर व्यासाच्या फ्लायव्हीलची कड 7,500 आरपीएमला ताशी जवळजवळ 400 किलोमीटर वेगाने फिरत असते आणि फिरण्यामुळे येणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. चौथ्यातून पाचव्यात जाताना हात चुकून तिसऱ्यात गेला, तर वरच्याच गुणोत्तरांनी चाके इंजिनाला 10,000 आरपीएमपर्यंत खेचतात. तिथे रेव्ह लिमिटर (आरपीएम ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारी यंत्रणा) काही करू शकत नाही, आणि ताण 78 टक्क्यांनी वाढलेला असतो. इंजिन पुढे असलेल्या गाडीत फ्लायव्हील चालकाच्या पायांजवळच फिरत असते. अमेरिकी ड्रॅग शर्यतपटू डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचा गिअरबॉक्स 1970 मध्ये स्फोट होऊन फुटला, तेव्हा त्यांनी उजव्या पायाचा काही भाग गमावला आणि त्यानंतर त्यांनी इंजिन चालकाच्या मागे असलेली गाडी बांधली. तिथे फुटले ते फ्लायव्हील नव्हते, पण अशा वेगाने फिरणारा भाग फुटला की तुकडे कुठवर जातात ते त्यावरून कळते. म्हणून घडीव पोलादातून कातलेले, किंवा पोलादी घर्षण-कडी बसवलेले अॅल्युमिनियमचे, एसएफआय 1.1 या शर्यतीच्या भागांसाठीच्या अमेरिकी सुरक्षा मानकाची खूण असलेलेच फ्लायव्हील घ्यावे.

बसवतानाच्या काही बाबी थोडक्यात सांगतो. मूळ फ्लायव्हील स्प्रिंगांनी जोडलेल्या दोन वस्तुमानांचे असेल, तर एकसंध फ्लायव्हीलबरोबर स्प्रिंग असलेली क्लच प्लेट घ्यावी लागते, आणि तरीही तटस्थ स्थितीत गिअरबॉक्स खडखडतो. तो बिघाड नव्हे. ज्या इंजिनांत क्रँकचा वेग मोजणारा क्रँक सेन्सर फ्लायव्हीलवरचे दात वाचतो, तिथे नव्याची दातांची रचना हुबेहूब तीच हवी. काही व्ही-8 इंजिनांच्या आणि माझदाच्या रोटरी इंजिनांच्या मूळ फ्लायव्हीलमध्ये समतोलासाठी मुद्दाम वजन ठेवलेले असते. ते न जुळवता दुसरे चढवले तर कंपनांनी बेअरिंग खराब होतात. गिअरबॉक्स उतरलेलाच असतो, तेव्हा क्रँकचे मागचे ऑइल सील आणि क्लचचे रिलीज बेअरिंगही बदलून घ्यावे, आणि बोल्ट नवेच वापरावेत.

जी गाडी ट्रॅकबरोबर रोजच्या रहदारीतही चालवायची आहे, तिला अतिहलके फ्लायव्हील बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चढावर निघताना इंजिन वारंवार बंद पडते, क्लच जास्त घसरवावा लागतो, आणि धातू कमी असल्याने ती उष्णता सामावून घ्यायलाही जागा उरत नाही. काही गाड्यांचा संगणक तर क्रँकच्या वेगातले वाढलेले चढउतार पाहून मिसफायरचा (सिलिंडरमध्ये ज्वलन चुकल्याचा) इशारा देऊ लागतो.

पुरवणीच्या पुढील अंकात निदान बीडाचे फ्लायव्हील कातण्याचा सल्ला मागे घेत असल्याचा खुलासा, मूळ लेखाइतक्याच ठळकपणे, छापावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. लेखातील कृती वाचून कोणी आपले फ्लायव्हील आधीच कातून घेतले असेल, तर गाडी ट्रॅकवर नेण्यापूर्वी त्याने ते काढून टाकावे, हेही त्या खुलाशात अवश्य असावे.

आपला विश्वासू,
एक वाचक